बत्तीस बोअरचा नागरिक

अमेरिकेतील नेमबाजीच्या नियतकालिकांतून शंभराहून अधिक वर्षे एक वाद अव्याहत चालत आला आहे, आणि तो असा की, जो पेशाने सैनिक नाही, पोलीसही नाही, जो हौसेपोटी, सरावापोटी किंवा कधीकाळी स्वसंरक्षणाची वेळ आलीच तर हाताशी काही असावे एवढ्याच हेतूने पिस्तूल बाळगतो, अशा सामान्य मनुष्याने, म्हणजे दैनंदिन नेमबाजाने, कोणत्या कॅलिबरचे शस्त्र पसंत करावे: नऊ मिलिमीटरचे की .४५ चे, .३८ चे की साध्या .२२ चे? या वादातील पक्षोपपक्ष, त्यांची खंडनमंडने आणि परस्परांविषयीची त्यांची तुच्छता पाहिली म्हणजे द्वैत-अद्वैताच्या जुन्या शास्त्रार्थांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या टापूत मात्र हाच प्रश्न एखाद्या गृहस्थाने विचारला, तर त्याच्या उत्तरासाठी शास्त्रार्थाची गरज पडत नाही. ते भारत सरकारच्या राजपत्रात आधीच छापलेले आहे. कल्याणच्या एखाद्या सराफाने किंवा डोंबिवलीत घर करून राहिलेल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराने ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयात अर्ज गुदरावा, स्थानिक ठाण्याकडून त्याच्या चारित्र्याची पडताळणी व्हावी, जिवाला धोका असल्याच्या त्याच्या निवेदनावर अंमलदारांचे शेरे पडावेत, आणि दीर्घ प्रतीक्षेनंतर परवाना हाती यावा, तेव्हा त्याच्या ध्यानात येते की, निवडीचा जो अधिकार आपल्याला आहे असे आपण समजत होतो, तो वस्तुतः कधीच आपल्याकडे नव्हता. नियमाने .२२ चालते, पण संरक्षणाच्या नावाने परवाना काढणारा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, उरते ते.३२.

परवान्याच्या व्यवहारात ज्यांना 'पीबी' आणि 'एनपीबी', म्हणजे निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर, असे म्हणतात, त्यांची विभागणी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांच्या पहिल्या अनुसूचीत केलेली आहे. ती १९६२ च्या नियमांत होती, आणि २०१६ साली नवे नियम आले तेव्हाही तिचा गाभा जवळजवळ तसाच पुढे आला. ज्या पिस्तुलात, रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा कार्बाइनमध्ये .३८० वा .४५५ ची रिमची काडतुसे, किंवा लष्करी वापरातील ९ मिलिमीटरची वा .४५ ची बिनरिमची काडतुसे बसून उडू शकतात, ते शस्त्र निषिद्ध, ज्या रायफलीत.३०३ ची वा ७.६२ ची लष्करी काडतुसे चालतात, तीही निषिद्ध. ही यादी वरवर वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, अधिक घातक ते निषिद्ध आणि कमी घातक ते अनुज्ञात, असा काही तारतम्यभाव येथे योजलेला असावा. तसे मुळीच नाही. हत्ती लोळवण्याच्या ताकदीची .३७५ मॅग्नम रायफल अनुज्ञात वर्गात बसते. बँकांच्या दारावरील रखवालदाराच्या खांद्यावर दिसणारी बारा बोअरची दुनळी बंदूक, जी खोलीभर अंतरावरून झाडली असता कोणत्याही पिस्तुलाहून भयंकर जखम करील, तीही अनुज्ञात आहे. निषिद्ध ठरते ते नऊ मिलिमीटरचे पिस्तूल, जे जगातील अनेक देशांत अगदी सामान्य मानले जाते. तेव्हा या वर्गीकरणाची कसोटी शस्त्र किती मारक आहे ही नसून, त्यात सरकारी कोठारातले काडतूस बसते की नाही, एवढीच आहे.

ही कसोटी कोठून आली हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या राज्यकर्त्यांनी प्रजेला निःशस्त्र करण्याचे जे धोरण अंगीकारले, त्याचे पक्के रूप म्हणजे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा शस्त्र कायदा. गोऱ्यांना सूट आणि काळ्यांना परवाना, हा त्याचा उघड पक्षपात. पण त्याच्या पोटात एक सूक्ष्मतर भीतीही होती, आणि ती अशी की, सरकारच्या फौजेकडून चोरलेला वा फितवून मिळवलेला दारूगोळा प्रजेच्या बंदुकीत चालला, तर प्रत्येक लष्करी कोठार हे बंडखोरांचेही कोठार ठरेल. या भीतीचे परिणाम शिकारी रायफलींच्या इतिहासात कायमचे कोरले गेलेले आहेत. मार्टिनी-हेन्री ही जुनी लष्करी रायफल .४५० ची गोळी फेकत असे, आणि अशा रायफली लोकांच्या हाती पुष्कळ पोचलेल्या होत्या; म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० कॅलिबरवर बंदी आली. शिकारी साहेबांच्या अत्यंत आवडीचे हे कॅलिबर असल्यामुळे विलायतेतील बंदूककारांनी निरुपायाने .४६५, .४७० अशी जवळपासची नवी कॅलिबरे पुढे आणली, आणि आज शिकारीच्या वाङ्मयात .४७० चे जे एवढे माहात्म्य गायले जाते, त्याच्या मुळाशी हत्तीच्या कातडीची जाडी नसून कलकत्त्याच्या दफ्तरातील धास्ती आहे. .३०३ लष्कराची, म्हणून नागरिकासाठी .३१५, हाही त्याच न्यायाचा दुसरा निवाडा होय. इच्छापूरच्या कारखान्यातून निघालेल्या.३१५ च्या रायफली अजूनही गावोगावच्या जुन्या घराण्यांत खुंटीला टांगलेल्या सापडतात.

ही धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ठाण्याच्या लेखकाला तर ते शोभणारही नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात, म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या आणि १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेल्या त्या जुन्या किल्ल्यातच, फाशी देण्यात आली. परंतु ती पिस्तुले आली कोठून? ती कोणत्याही सरकारी कोठारातून फोडलेली नव्हती. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याने पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला उतरवली होती. म्हणजे युरोपच्या खुल्या बाजारातील माल जहाजाने आला होता. ज्या भीतीपोटी बोअरांची वर्गवारी करण्यात आली, ती भीती प्रत्यक्षात उतरली तेव्हा ती त्या वर्गवारीच्या दारातून आलीच नाही. एवढ्या अनुभवानंतरही वर्गवारी टिकली, हे दफ्तरांच्या स्वभावास अनुसरूनच झाले. दफ्तरात एकदा शिरलेला हुकूम त्याचे कारण मेल्यावरही पुष्कळ काळ जगतो.

स्वराज्य आल्यावर हे पालटेल, अशी अपेक्षा बाळगायला आधार होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद होता. राज्यघटनेत तो आला नाही. आला नाही याबद्दल मला फारसा खेदही वाटत नाही, कारण हक्क म्हणून बंदूक वाटणाऱ्या देशांची जी दशा झाली आहे ती आपल्यासमोर आहे. पण हक्क न देणे वेगळे आणि परक्या राजाच्या भीतीचे मोजमाप आपल्या प्रजेला लावत राहणे वेगळे. १९५९ च्या अधिनियमाने वंशभेदाची सूट काढून टाकली, आणि बोअरांची यादी मात्र ठेवली. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली, आणि जुन्या वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन या रिव्हॉल्व्हरांना हिऱ्यामाणकांचे भाव आले. बाजारात नव्याने मिळू लागले ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ चे रिव्हॉल्व्हर, त्याच्या जोडीला .३२ चेच 'अशनी' पिस्तूल, आणि २०१४ साली मोठा गाजावाजा करून, दिल्लीच्या दुर्दैवी कन्येच्या नावाची छाया घेऊन, स्त्रियांच्या पर्ससाठी म्हणून आणलेले अर्धा किलो वजनाचे 'निर्भीक', तेही .३२ चेच आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. अलीकडे खाजगी उद्योगाला वाव मिळाला आणि वेब्ली अँड स्कॉट या विलायती नावाने उत्तर प्रदेशात रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले. त्या इंग्रज नावावरही आकडा.३२ चाच आहे.

आता रिव्हॉल्व्हरांच्या या .३२ चे मूळ पाहिले म्हणजे गंमत वाटते. ज्याला स्मिथ अँड वेसन लाँग म्हणतात ते हे काडतूस १८९६ चे. त्याच सुमारास न्यू यॉर्क शहराचे पोलीस आयुक्त असलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या शिपायांसाठी जे कोल्ट रिव्हॉल्व्हर ठरवले, त्याचे काडतूसही वस्तुतः हेच, नाव तेवढे निराळे. सुमारे सव्वासहा ग्रॅमची गोळी, सेकंदाला दोनशे मीटरहून थोडा अधिक वेग, आणि नळीच्या तोंडाशी दीडशे ज्यूलच्या आसपासची ऊर्जा. नऊ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची ऊर्जा याच्या तिपटीहून अधिक, पावणेपाचशे ते पाचशे ज्यूल, आणि ज्या.२२ ला संरक्षणवादी गृहस्थ मुलांचे खेळणे म्हणतात, तिची पिस्तुलातून निघणारी गोळी शंभर ते सव्वाशे ज्यूल. म्हणजे हजारो रुपयांचे अर्ज, शिफारशी आणि लाखाची किंमत मोजून आपल्या सराफाने जे मिळवले, ते शक्तीच्या दृष्टीने त्या खेळण्याहून थोडेसेच वरचे आहे.

याहून मनोरंजक गोष्ट पुढेच आहे. जगभर .३२ ची जी कीर्ती आजही शिल्लक आहे, ती संरक्षणाच्या प्रांतातली मुळीच नाही. ती निशाणबाजीतली आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सेंटर फायर पिस्तूल म्हणून पंचवीस मीटरची जी पुरुषांची शर्यत आहे, तीत ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतचे कोणतेही कॅलिबर चालते, आणि एवढी मोकळीक असूनही इटलीचे व जर्मनीचे उत्तमोत्तम पिस्तूलकार आपली यंत्रे .३२ स्मिथ अँड वेसन लाँगसाठीच घडवीत आले आहेत, कारण त्याचा झटका सौम्य, आवाज आटोक्यात आणि अचूकता असामान्य. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा २००६ च्या दोहा स्पर्धेत ज्या शर्यतीत सुवर्णपदके मिळवली, ती हीच सेंटर फायरची शर्यत. म्हणजे जे काडतूस स्वभावतः निशाणाच्या पाटीसाठी जन्माला आल्यासारखे आहे, ते आपल्या सरकारने प्राणरक्षणासाठी म्हणून प्रजेस दिले. आणि ज्या प्रजेस ते दिले, तिच्यातील बहुतेकांनी ते निशाणाच्या पाटीवर कधीच झाडलेले नाही. या विसंगतीत कॅलिबरच्या वादाचे सारे रहस्य साठवलेले आहे, असे मला वाटते.

कारण वादाचा इतिहासही याच दिशेला बोट दाखवतो. अमेरिकी फौजेला फिलिपिन्समधील मोरो लढवय्यांविरुद्ध .३८ चे रिव्हॉल्व्हर अपुरे वाटले, म्हणून १९०४ साली थॉम्प्सन व लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि प्रेतांवर गोळ्या झाडून प्रयोग केले, आणि .४५ हून लहान काही असू नये असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षावर अमेरिकेने पाऊणशे वर्षे घालवली. पुढे एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. नऊ मिलिमीटरची एक गोळी दरोडेखोराच्या हृदयापर्यंत न पोचता थोडक्यात थांबली होती, असे शवविच्छेदनात दिसले, आणि सारा दोष कॅलिबरच्या माथी मारण्यात आला. मग दहा मिलिमीटर आले, ते अनेकांच्या हाताला झेपेना, म्हणून १९९० साली .४० आले, आणि सुमारे पंचवीस वर्षांच्या उपद्व्यापानंतर त्याच संस्थेने नऊ मिलिमीटरकडे परत मुक्काम हलवला. कारण गोळ्यांची रचना मधल्या काळात सुधारली होती, हे एक. आणि दुसरे, जे मला अधिक मोलाचे वाटते ते असे की, सौम्य झटक्याच्या शस्त्राने तिचे लोक अधिक वेगाने आणि अधिक नेमके मारत होते. इंग्रजांना हे शहाणपण फार आधी आले होते. पहिल्या महायुद्धात आपल्या .४५५ च्या धिप्पाड रिव्हॉल्व्हरने नव्या रंगरुटाला नेम शिकवणे किती जड जाते हे पाहून त्यांनी पुढे जाणूनबुजून लहान .३८ पत्करले, आणि १९३२ साली ते फौजेत रुजू केले.

या सर्व कथेत 'स्टॉपिंग पॉवर', म्हणजे समोरच्याला जागीच थोपवण्याची ताकद, या नावाची जी वस्तू वारंवार येते, तिच्याबद्दल मी पुरेसा अश्रद्ध आहे. पिस्तुलाची कोणतीही गोळी, मग ती .४५ ची का असेना, मनुष्याला सिनेमात दाखवतात तशी मागे फेकीत नाही. ती जेथे लागते तेथे काम करते आणि जेथे लागत नाही तेथे काहीच करीत नाही, किंवा नको त्या ठिकाणी करते. झटका सोसण्याची धास्ती बसलेला मनुष्य घोडा ओढण्याच्या क्षणार्धापूर्वी मनगट खाली दाबतो आणि डोळे मिटतो. ही दचक एकदा अंगात भिनली म्हणजे महिनोन्‌महिने निघत नाही, आणि जितके कॅलिबर मोठे तितकी ती लवकर भिनते. यावरून सामान्य नेमबाजापुरता एकच निकष उरतो: जे कॅलिबर त्याला पुष्कळ आणि न दचकता झाडता येईल, ते त्याचे. पुष्कळ या शब्दावर माझा भर आहे, आणि आपल्याकडील सर्व घोटाळा नेमका या शब्दापाशी आहे.

आपल्या परवानाधारकाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते ते पाहावे. एका वेळी किती काडतुसे घ्यायची आणि वर्षभरात किती, याचा आकडा परवान्यावर चढवलेला असतो. वापरलेल्यांचा हिशेब, आणि पुष्कळ ठिकाणी रिकाम्या पुंगळ्याही, नव्या खरेदीच्या वेळी मागितल्या जातात. साहजिकच तो काडतुसे जपून ठेवतो, जणू ती मुदतठेवीची पावती आहे. झाडावीत तर कोठे? उल्हास नदीच्या काठी, मलंगगडाच्या पायथ्याशी वा खाडीकिनारी जाऊन झाडली तर गुन्हा दाखल होईल. आणि तो व्हायलाच हवा. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे, पण डोंबिवलीचा मनुष्य लोकलच्या गर्दीतून पिस्तूल आणि काडतुसे घेऊन तेथवर जाईल आणि परत येईल, ही कल्पना प्रवाशांना आणि रेल्वे पोलिसांना कितपत मानवेल याचा अंदाज कोणीही करावा. निवडणुका जाहीर झाल्या की छाननी समितीच्या यादीत ज्यांची नावे येतात त्यांना शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. एरवी ती कपाटात वा लॉकरमध्ये निजलेली असतात. २०१६ च्या नियमांनी शस्त्र व दारूगोळा हाताळण्याच्या सुरक्षित प्रशिक्षणाची अट घातली, हे योग्यच झाले. परंतु एकदा मिळालेले प्रमाणपत्र आणि वर्षानुवर्षांचा सराव यांत जे अंतर आहे, ते नियमाने भरून निघत नाही. पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारकाला अनेक कागद विचारले जातात. 'या पाच वर्षांत तुम्ही निशाणावर किती गोळ्या झाडल्या' असे मात्र कोणी विचारीत नाही.

सरावाविना बाळगलेले शस्त्र हे संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचे साधन होते, आणि प्रतिष्ठेच्या साधनाचा उपयोग प्रतिष्ठा दुखावली गेली की होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनातच, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला आणि एका लोकप्रतिनिधीवर गुन्हा दाखल झाला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे दोषादोषाची चर्चा येथे करता येत नाही. परंतु कॅलिबरांची अनुसूची अशा प्रसंगी मूक असते, एवढे म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूला, कल्याण-डोंबिवलीच्या बातम्यांत 'गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे जप्त' हा मजकूर ज्या सराईतपणे येतो, तो वाचणाऱ्याला ठाऊक आहे की मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांतून येणाऱ्या मालाला पीबी-एनपीबीचे सोयरसुतक नसते, त्यात ७.६५ असते आणि नऊही असते. बोअरची बंदी पाळतो तो आधीच परवाना काढण्याइतका सरळ मनुष्य. याचा अर्थ नऊ मिलिमीटर सर्वांना खुले करा असा मी करीत नाही. ज्या गावात एका जिन्यावर चार-चार बिऱ्हाडे आहेत, शेजारच्या खिडकीतले बोलणे आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येते आणि रात्री अडीच वाजताही स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग असते, तेथे हुकलेली गोळी कोणाच्या तरी घरी जाऊनच थांबणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा जो अधिकार दिला आहे, तो आवश्यकतेच्या मर्यादेने बांधलेला आहे. शेजाऱ्याला लागलेल्या गोळीचे समर्थन त्यात शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. डोंबिवलीच्या सदनिकेत चोरापासून संरक्षणासाठी मला कॅलिबर विचाराल, तर मी भक्कम दार आणि जागता शेजार सुचवीन, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

तेव्हा दैनंदिन नेमबाज हा शब्द आपल्याकडे कोणाला लावायचा? ज्याच्या कपाटात .३२ आहे त्याला नव्हे; तो दैनंदिन तर नाहीच, नेमबाजही क्वचितच असतो. तो शब्द लावायचा तो एखाद्या शाळेच्या सभागृहात, इमारतीच्या तळघरात किंवा क्रीडासंकुलाच्या कोपऱ्यात दहा मीटरवर लावलेल्या कागदी चकतीसमोर, एक हात खिशात आणि दुसरा खांद्याच्या रेषेत ताठ, असे उभे राहून तासन्‌तास ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या गोळ्या झाडणाऱ्या मुलामुलींना. त्या हवेच्या पिस्तुलाची ऊर्जा सात ज्यूलच्याही आत असते. वीस ज्यूलपर्यंतच्या आणि .१७७ पर्यंतच्या हवाई शस्त्राला २०१६ च्या नियमांनी परवान्यातून वगळले आहे. दहाचे गुण देणारे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पण त्या बटणासमोर उभे राहिल्यावर श्वास, पावलांची ठेवण, नजर समोरच्या चकतीवर न ठेवता पुढच्या माशीवर ठेवण्याचा संयम, आणि घोडा नकळत सुटेल इतक्या हळुवारपणे ओढण्याची कला, हे सारे कॅलिबर न वाढवता शिकता येते; किंबहुना कॅलिबर न वाढवल्यामुळेच शिकता येते. पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, ते याच ४.५ मिलिमीटरवर, रायफलीने. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली पालेम्बांगमध्ये पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतले, आणि आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली, ते .२२ वर. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली विजय कुमारला रौप्य मिळवून देणारी गोळीही तीच, त्या उपेक्षित खेळण्याची.

म्हणून माझा सल्ला विचाराल तर, आरंभ ४.५ ने करावा, आणि दहा मीटरवर हात बसल्याखेरीज पुढे जाण्याची घाई करू नये. पुढची पायरी .२२: काडतूस स्वस्त, झटका नगण्य, आणि दिवसाला शंभर गोळ्या झाडूनही हात शाबूत. मात्र ती पायरी चढायला स्पर्धेतील गुणांची, संघटनेच्या शिफारशीची आणि पुन्हा परवान्याची शिडी लागते, आणि ती शिडी कल्याणपेक्षा वरळीला, वरळीपेक्षा पुण्याच्या बालेवाडीला अधिक भक्कम आहे. त्यानंतर कोणाला .३२ ची ओढ असेल, तर ती निशाणाच्या पाटीसाठी असावी. ते काडतूस त्या कामात कोणाचीही निराशा करणार नाही.

यासाठी फार मोठी क्रांती लागत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपल्या क्रीडासंकुलांत दहा मीटरच्या चार-चार रांगा बांधल्या, तर तरणतलावाच्या तुलनेत तो खर्च किरकोळ ठरेल. पंचवीस मीटरला मातीचा भरभक्कम बंधारा आणि मोकळी जागा हवी. ती पोलिसांकडे त्यांच्या स्वतःच्या सरावासाठी असतेच, आणि महिन्यातील दोन रविवार तेथे परवानाधारकांना अंमलदाराच्या देखरेखीखाली येऊ दिले, काडतुसे तेथेच मोजून दिली आणि पुंगळ्या तेथेच मोजून घेतल्या, तर दारूगोळा बाहेर झिरपेल ही जी नेहमीची शंका घेतली जाते, तिला जागाच उरत नाही. उलट, कोणाच्या परवान्यावर किती काडतुसे निजली आहेत याचा जो हिशेब आज कागदावर चालतो, तो तेव्हा बंधाऱ्याच्या मातीत दिसू लागेल. मुळात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आणि खडकी-वरणगावच्या काडतूस कारखान्यांत या राज्यातील मराठी कामगारांच्या पिढ्या राबल्या आहेत, आणि देशाच्या फौजेची काडतुसे ज्या जिल्ह्यांतील हातांनी भरली, त्याच जिल्ह्यांतील नागरिकाने एक गोळी नेमाने झाडायला जागा मागितली, तर ती मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. नूतनीकरणाच्या अर्जात सरावाचा एक रकाना वाढवायला तर नवा अधिनियमही नको. नियमातील दुरुस्तीने ते काम भागेल, आणि ज्या परवान्यावर तो रकाना सलग दोन वेळा कोरा येईल त्याचा फेरविचार करण्याचा अधिकार आयुक्तांनी खुशाल वापरावा.